जागेपणी बसलेला मास्क

सुरतेच्या डॉक्टरांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला आणि वर पेन ठेवलं. आठ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण गुण 24. हा पेपर मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी 1991 साली काढला आणि तेव्हापासून जगभर तोच चालतो. आमच्या शाळेत घटक चाचणीला दोन वर्षं तोच पेपर दिला तर पालक मोर्चा आणतील.

प्रश्न एकच होता: डुलकी कुठे कुठे लागते? वाचताना. टीव्ही बघताना. सभेत नुसतं बसलेलं असताना. तासभराच्या मोटारप्रवासात. दुपारी आडवं झाल्यावर. इथे मी पेन खाली ठेवलं.

"डॉक्टरसाहेब, दुपारी आडवा झालेला माणूस दुसरं काय करतो?"

"लखो, मास्तरसाहेब, लखो."

सातवा प्रश्न होता, जेवणानंतर, दारू न घेता, शांत बसलेलं असताना. ‘दारू न घेता’ ही अट डॉक्टरांनी जरा खालच्या आवाजात वाचली. गुजरातेत बसून, महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला हे विचारायचं म्हणजे अवघडच. मी मोठ्या आवाजात "न घेता!" असं उत्तर दिलं. बाहेर बसलेल्या दोघांनी मान वर करून पाहिलं.

मला 19 मिळाले. जास्त गुण मिळाल्यामुळे नापास होण्याचा हा माझा पहिलाच अनुभव.

तसं पाहिलं तर मला तिथवर आणलं ते माझ्या पत्नीच्या कोपराने. माझ्या घोरण्याबद्दल तिची तक्रार नव्हतीच. आमचं घर नवापूरच्या हायवेपासून फार लांब नाही. रात्रभर सुरत-धुळे ट्रक ऐकत झोपणाऱ्या बाईला नवरा म्हणजे आणखी एक ट्रक. तिची तक्रार होती ती ट्रक मध्येच बंद पडतो याची. "घोरणं थांबलं की मी मोजायला लागते," तिने डॉक्टरांना सांगितलं. "पंधरापर्यंत गेलं की कोपर मारते." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती रात्री जागून आकडे मोजते हे मला सुरतेच्या दवाखान्यात कळलं. मला वाटायचं तिला कुशीवर वळायची वाईट सवय आहे.

मग झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, पायांना वायरी चिकटवल्या, नाकाखाली नळी लावली, बोटाला चिमटा लावला आणि तिथला मुलगा दिवा घालवताना म्हणाला, "नेहमीसारखं झोपा." सकाळी निकाल आला: ताशी 42. झोपेत श्वास किमान दहा सेकंद बंद पडण्याचे किंवा फार कमी होण्याचे प्रसंग, तासाला बेचाळीस. तिसाच्या पुढे गेलं की आजार तीव्र समजतात. म्हणजे इथेही मी भरघोस गुणांनी नापास.

स्टाफरूममध्ये मी शास्त्रीय दृष्टिकोन ठेवायचं ठरवलं. विज्ञान शिकवतो, तेवढं तर जमायला हवं. मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात मुंबईतल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी 19.5 टक्के लोकांच्या झोपेत श्वासाची गडबड सापडली. "म्हणजे पाचात एक," मी सांगितलं. स्टाफरूममध्ये आम्ही पाच पुरुष. बाकीच्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि निश्चिंत होऊन चहा मागवला.

उपाय म्हणजे सीपॅप. 1981 साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी तो जगापुढे मांडला. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणं. सुलिव्हनसाहेबांनी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी फिरवली आणि नाकातून हवा आत ढकलली. झोपेत घशाचे स्नायू सैलावून वाट बंद होते, तिला हवेचाच टेकू. किती दाब? पाण्याच्या 4 ते 20 सेंटिमीटर. शाळेच्या फूटपट्टीएवढासुद्धा नाही. वर्गात यू-नळी दाखवून मी हे वर्षानुवर्षं शिकवत आलो, पण तो दाब नाकाला लावल्यावर काय होतं हे अभ्यासक्रमात नव्हतं. सुरुवातीच्या रुग्णांना तर मास्क रोज रात्री नाकावर चिकटवून दिला जाई आणि सकाळी सोलून काढत. हे वाचल्यावर मला वाटलं, आता काळ किती सुधारलाय! नुसतं दुकानात जायचं आणि आपल्याला आवडेल तो मास्क घ्यायचा.

नवापुरातल्या मेडिकलवाल्याकडे मी "मास्क" म्हटलं तर त्याने एन-95चं पाकीट काढलं. "सर, पुन्हा काही आलंय का?" त्याच्या आवाजात काळजी कमी आणि उत्साह जास्त होता. मग पुन्हा सुरत.

तिथल्या पोराने माझ्या नाकाखाली भोकाभोकांची एक प्लास्टिकची पट्टी धरली, एक डोळा मिटून पाहिलं आणि जाहीर केलं: "मीडियम वाइड." जन्मापासून हे नाक माझ्यासमोर आहे, ते मीडियम वाइड आहे हे कुणी बोललं नव्हतं. मग टेबलावर तीन जाती मांडल्या. फक्त नाक झाकणारा नेझल. नाकपुड्यांत सिलिकॉनची दोन टोकं जाणारा पिलो. आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. मला एका बाकावर उताणं झोपवलं. खोलीत एसी, हात पोटावर, पाय जुळलेले, डोळे उघडे. पोराने मशीन चालू केलं आणि विचारलं, "सर, कम्फर्टेबल?"

आता मराठी माणसाचा एक स्वभाव सांगतो. शिंप्याने विचारलं, "काखेत घट्ट नाही ना होत?" तर आपण म्हणतो, "बरंय." न्हाव्याने मागे आरसा धरून आपल्याला आपलीच मान दाखवली की म्हणतो, "बरंय." चष्म्याच्या डॉक्टरांनी "हे स्पष्ट की हे?" असं पाचव्यांदा विचारलं, आणि दोन्हींत काडीचा फरक दिसत नसला, तरी त्यांना वाईट वाटू नये म्हणून "हे बरंय" म्हणतो. समोरचा माणूस कष्ट घेतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? मी उताणा पडून त्या मुलाकडे पाहिलं. घामाघूम होऊन बिचारा पट्टे ओढत होता.

"बरंय," मी म्हणालो.

आमच्या नवापूर स्टेशनवर राज्याची सीमा फलाटावरून जाते. बाकडं एक, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट महाराष्ट्रात काढायचं आणि पुढच्या डब्यात चढायचं तर गुजरातेत चालत जायचं. उद्‌घोषणा चार भाषांत. माझ्या मास्कची गोष्ट नेमकी तशी झाली. पसंत करणारा माणूस जागेपणाच्या हद्दीतला, वापरणारा झोपेच्या. एकाने दिलेला शब्द दुसऱ्याच्या राज्यात चालत नाही. जागा असलेला मी सभ्य आहे, उताणा झोपतो, "बरंय" म्हणतो. झोपलेला मी पालथा पडतो, डावा गाल उशीत खुपसतो आणि रात्री दोनच्या सुमारास मास्क काढून कपाटाच्या दिशेने फेकतो. सकाळी जागा मी तो शोधत खाटेखाली रांगतो. त्या दुसऱ्याला एकदा सुरतेला नेऊन बाकावर झोपवायला हवं होतं. पण तो दिवसा भेटत नाही. म्हणजे भेटायचा, पण उपचार त्यावरच चालू होते.

पहिला नेझल. नाकातून हवा आत जाई, तोंड उघडलं की फुर्रकन बाहेर. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली. यावर नवापुरात खरा सल्ला मिळाला तो आमच्या पोल्ट्रीवाल्या भाईंकडून. भाई डॉक्टर नाहीत, पण हवा, दमटपणा, पंखे आणि मास्क या विषयांत त्यांचा हात धरणारा तालुक्यात नाही. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला, तेव्हा नखशिखांत पांढऱ्या पोशाखातली माणसं त्यांच्या शेडमध्ये फिरली होती. 2021 ला पुन्हा तेच. "मास्कचं मला नका सांगू, सर," ते म्हणाले. "मी दोन साथी पाहिल्यात." मग त्यांनी मला खुर्चीवर बसवून माझं तोंड निरखलं. "कोंबडीला उकाड्यात हवा कमी पडली की ती चोच उघडते. तुमची चोच रात्री उघडते. चोच बांधा, नाहीतर पूर्ण झाका."

चोच बांधायला हनुवटीचा पट्टा मिळतो. डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली आवळायचा. तो बांधून मी दिवा घालवून आडवा झालो, नि तेवढ्यात आई पाणी ठेवायला खोलीत आली. आईचं वय ऐंशीच्या पुढे. हनुवटीला पट्टा बांधून निश्चल पडलेली माणसं तिने एकाच प्रसंगी पाहिली आहेत. शेजारचे सगळे जागे झाले. पट्टा दुसऱ्या दिवशी गेला.

मग पिलो. दिसायला सर्वांत नाजूक, चेहऱ्यावर जवळजवळ काहीच नाही. पण त्याला मिशीशी जमवून घ्यावं लागतं, आणि माझी मिशी खानदेशी आहे. कडेकडेने हवा सुटायची आणि रात्रभर मिशीतून बारीक शीळ वाजायची.

"मिशी काढा," पत्नी म्हणाली.

"मास्क बदलतो," मी म्हणालो.

"मास्क काही हजारांचा आहे, मिशी फुकटची आहे."

मी मास्क बदलला. उघडलेला मास्क परत घेत नाहीत, त्यामुळे आमच्या कपाटातला एक खण एव्हाना भरत आला होता.

फुल फेसने श्वासाचा प्रश्न सोडवला आणि बाकी सगळे नवे काढले. मास्कला बारीक भोकं असतात, उच्छ्‌वासातला कार्बन डायऑक्साइड तिथून बाहेर पडतो. ती बुजवायची नाहीत. माझ्या मास्कची भोकं नेमकी पत्नीच्या मानेकडे. "अहो, तुमचा वारा येतोय." मे महिन्यात ती हे कौतुकाने म्हणाली होती, डिसेंबरात तिने उशी उचलून पायथ्याशी नेली. मी कूस बदलली तर वारा भिंतीकडे, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयचं पान रात्रभर फडफडायला लागलं. संकष्टी-एकादशी एकमेकींवर आपटत होत्या. कालनिर्णय स्वयंपाकघरात गेलं. मग थंडी वाढली, मशीनमधून निघणारी दमट हवा गार नळीत पाणी होऊन साचायला लागली, आणि गुडगुड ऐकून पत्नी उठली.

"पुन्हा घोरायला लागलात?"

"मी नाही. नळी घोरतेय."

दमट हवेसाठी डिस्टिल्ड वॉटर लागतं. मेडिकलमध्ये ते मिळतं, पण इंजेक्शनच्या चिमुकल्या कुपीत. रात्रीची टाकी भरायला कुपी फोडत बसलं तर पहाट होईल. शेवटी बॅटरीच्या दुकानात गेलो. कॅन देताना त्याने नेहमीच्या सवयीने विचारलं, "इन्व्हर्टरला का?" नाही, मला, असं मी म्हणालो. त्याने कॅन परत आत घेतला आणि वडिलांना हाक मारली.

आणि हवा सुटायची ती सुटतच होती. नाकाच्या हाडाजवळून निघून थेट डोळ्यांत जायची. हवा सुटते म्हणजे सैल आहे, सैल आहे म्हणजे आवळा: मला, पत्नीला, पुण्याहून फोनवर मार्गदर्शन करणाऱ्या मुलीला, सगळ्यांना हेच तर्कशास्त्र माहीत. मी आवळला. नाकावर लाल वळ उठला. वर्गात पुढच्या बाकावरच्या मुलीने "सर, मारामारी झाली का?" असं विचारलं आणि वर्गाने माझ्याकडे पहिल्यांदा आदराने पाहिलं. अखेर सुरतेच्या त्या पोराला व्हिडिओ कॉल लावला. मी पलंगावर, मास्क लावलेला, मशीन चालू. पत्नीने मोबाइल धरलेला.

"सर, ढिला करा."

"अरे, आणखी गळेल!"

"करा तर."

मी मागचे पट्टे बोटभर सैल केले. मास्क चेहऱ्यापासून जरासा ओढून पुन्हा टेकवला. सिलिकॉनच्या पातळ कडेत हवा भरली, ती कड फुगून गालावर आपसूक पसरली आणि फुसफुस बंद झाली. विज्ञान शिक्षकाच्या समोर, विज्ञान शिक्षकाच्या नाकावर. ती गादी हवेवरच बसायची असते, आवळली की चुरगळते आणि सुरकुतीतून हवा सुटते. पोराने पट्टी लावून नाक मोजलं होतं तेव्हाच हे सांगितलं असणार. पण तेव्हा मी "बरंय" म्हणण्यात गुंतलो होतो.

एवढ्यात साक्रीहून काकू भेटायला आल्या. मी दुपारी सराव म्हणून मास्क लावून बसलो होतो. "हाई काय शे रे भो?" त्यांनी दारातूनच विचारलं. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या की काळजी करू नको, बप्पी लाहिरींनाही हेच होतं. 2022 साली ते गेले तेव्हा टीव्हीवर सांगितलं होतं. मी मास्कच्या आतून आभार मानले. आजाऱ्याला भेटायला येताना लोक संत्री आणतात, उदाहरणं आणतात. संत्री तरी संपतात.

या सगळ्या छळाचा हिशेब माझं मशीन ठेवतं. रोज सकाळी मोबाइलवर शंभरपैकी गुण येतात. शिक्षक असल्यामुळे मी आधी गुणविभागणी पाहिली. किती तास लावला, याला 70. मास्कमधून हवा सुटली नाही, याला 20. मास्क मध्ये मध्ये काढला नाही, याला 5. आणि श्वास किती वेळा बंद पडला, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याला उरलेले 5! पहिल्या दिवशी मला हसू आलं, मग विचार केला, आमच्या शाळेत काय वेगळं आहे? हजेरी, वही नीटनेटकी, कव्हर घातलेलं, आणि शेवटी थोडे गुण विषय समजला का याला. या मशीनच्या मागे शिक्षण खात्यातून निवृत्त झालेला कुणीतरी नक्की आहे.

मी मुलांना नेहमी सांगतो, गुणांच्या मागे लागू नका. मी लागलो. एकसष्ट, अठ्ठावन्न, मध्येच एक त्र्याहत्तर. डॉक्टर सुरतेहून मोबाइलवर हे सगळं बघतात, हे कळल्यापासून तर झोप आणखी उडाली. सहामाहीचे पेपर तपासायचे राहिले होते आणि मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशीची मुदत दिली होती. रात्री दहाला मशीन चालू केलं, मास्क लावला, लोडाला टेकून लाल पेन घेतलं आणि गठ्ठा मांडीवर ओढला. पहाटेपर्यंत सातवी ‘ब’ संपवली. पापणी मिटली नाही, कूस बदलली नाही, हलायला वेळच नव्हता, त्यामुळे मास्क जागचा सरकला नाही. सकाळी गुण आले: 98. मशीनला माणूस झोपलाय की पेपर तपासतोय हे कळत नाही. मास्कमध्ये नाक आहे, नाक श्वास घेतंय, एवढ्यावर ते खूश.

"सरस, मास्तरसाहेब!" डॉक्टरांचा त्याच सकाळी संदेश. "आवी ज रीते!"

"कॉपी केलीत," पत्नी म्हणाली.

"पर्यवेक्षक झोपला होता," मी म्हणालो.

"कोण?"

"मी."

सातवी ‘ब’चा निकाल त्या वेळी फारच चांगला लागला, याचं कारण मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं. हल्ली मात्र मी मास्क लावून झोपतोही. पेपर तपासताना डोळा लागत नाही. सभेत लागतो, पण तो आजार नाही, असं स्टाफरूमचं एकमत आहे.

परवा भाई घरी आले. आल्याआल्या नेहमीसारखं मशीनच्या दमटपणावर बोलले नाहीत. चहा झाला तरी बोलेनात. शेवटी म्हणाले, "सर, वहिनींच्या मोजण्याबद्दल तुमच्या भाभीने ऐकलं. तिनेही मोजलं." किती? तर वीसपर्यंत जातं आणि मग ती मोजायचंच सोडून घाबरून उठते. मी तातडीने डॉक्टरांचा नंबर लिहून दिला, आठ प्रश्नांची कल्पना दिली आणि सातव्या प्रश्नाला कोणत्या आवाजात उत्तर द्यायचं तेही सांगितलं. त्यांना मास्क कसा असतो ते बघायचं होतं. मी कपाटातला खण अख्खा बाहेर काढून पलंगावर ओतला.

भाईंनी एकेक उचलून उजेडात धरला, पिलोची दोन टोकं दाबून पाहिली, फुल फेस घेतला आणि लावण्याआधी शेडच्या सवयीने खिशातून जंतुनाशकाची बाटली काढून दोन्ही बाजूंनी फवारला, पुसला. मग लावला. मी मशीन जोडून दिलं. त्यांची मिशी माझ्याहून मोठी. दोन्ही बाजूंनी हवा फसफसत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, एक पट्टा कानावर आडवा बसला होता.

"कसं वाटतंय, भाई?" मी विचारलं.

"बरंय," भाई म्हणाले.